जित्याची खोड

आमचं कृषी केंद्र आहे रावेर तालुक्यात, म्हणजे दिवसभर औषधं विकणे हाच धंदा. माव्याचं औषध, करप्याचं औषध, तणाचं औषध. आणि ह्याच दुकानात दिवसातून एकदा तरी कुणीतरी काउंटरला कोपर टेकून म्हणतंच की स्वभावाला औषध नाही. कुणाचा भाऊ उधारी करून बसलाय, कुणाचा पोरगा गुटखा सोडत नाही, कुणी वर्षानुवर्षं वाटणीची केस लढतोय, विषय कोणताही असो शेवटी हात झटकून तेच, "स्वभाव बदलस का भो कुठे!" आणि मग फवारणीचं बिल.

मला ह्या वाक्याचं कौतुकही वाटतं आणि ते टोचतंही, कारण मी ख्रिस्ती घरातला. वडील भुसावळला रेल्वेत, लोको शेडला. आई नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी. लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं आणि रविवार चर्चमध्ये. आणि चर्चमध्ये नेमकं उलटं सांगायचे. पौल म्हणजे येशूचा प्रेषित, त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, पत्रात लिहिलेलं ते वाक्य भिंतीवर रंगवलेलंच होतं, ख्रिस्ताच्या ठायी जो आहे तो नवी उत्पत्ती, जुने ते होऊन गेले. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस गाव म्हणतं काही बदलत नाही आणि सातव्या दिवशी पास्टर म्हणतात सगळं नवं झालं. दोन्हीकडची माणसं मला जवळची, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडची उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोरची. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कधी नुसता धर्मशास्त्राचा राहिला नाही.

एक तक्रार आधी करून घेतो. आमच्याकडे उज्जीवन सभा होतात, म्हणजे विश्वास पुन्हा जागवायच्या सभा, मंडप, स्पीकर, बाहेरगावचा वक्ता, तीन रात्री. त्यात माणसाबद्दल बोलायला सुरुवात होते ती थेट उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायापासून. फळ खाल्लं, आज्ञा मोडली, बागेबाहेर काढलं, तू पापी आहेस. पण बाबा पुस्तक तिसऱ्या अध्यायापासून सुरू होत नाही ना! पहिल्या अध्यायात देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिरूपात केलं, नर आणि नारी दोघांना, आणि सगळं बघून म्हणाला फार चांगलं आहे. ख्रिस्ती विचारात माणसाचा मूळ पाया चांगला आहे, बिघाड नंतरचा. हे सोडून दिलं की उरतं काय तर माणूस म्हणजे मुळातच घाण, आणि असं ज्यांना पिढ्यानपिढ्या सावकाराने, साहेबाने, सगळ्यांनी सांगितलंय त्या आदिवासी पाड्यावर तुम्ही पुन्हा तेच मायक्रोफोनवरून सांगणार? माझी आजी, आईची आई, कधी शाळेत गेली नाही, तिला बायबलातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं तर हेच की देवाने माती हातात घेतली. बाकी सगळं नुसतं बोलून केलं, माणसासाठी हात मळवले. हे ती दर नाताळाला नव्याने कळल्यासारखं सांगायची.

पण बिघाड आहे, हे काही नाकारता येत नाही. ऑगस्टीन म्हणून चौथ्या शतकातला एक ख्रिस्ती विचारवंत, उत्तर आफ्रिकेतला, ३५४ चा जन्म. त्याने आत्मकथनात एक प्रसंग लिहिलाय. सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? तर चोरायची होती म्हणून. पानंच्या पानं तो ह्या एका फालतू चोरीवर विचार करतो. आपण म्हणू अरे पोरं आहेत, कैऱ्या कुणी पाडल्या नाहीत! पण त्याचा मुद्दा चोरीचा नाहीच, मुद्दा असा की वाईट आहे हे माहीत असताना आणि त्यातून काहीही मिळणार नसताना ते करण्यात मजा का आली. पौलाचं पण तेच रडगाणं आहे रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही, जे नको तेच करतो. हे वाचून मला दरवेळी वाटतं की दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या माणसाने माझी डायरी कुठून वाचली.

ऑगस्टीनच्याच काळात पेलागियस नावाचा एक साधू होता ब्रिटनकडचा, शिस्तीचा, चारित्र्याचा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. देवाने चांगलं वागायला सांगितलं म्हणजे माणसाला ते जमतंच, नाहीतर सांगितलं कशाला? आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, आपण सवयीने बिघडलो, मनावर घ्या आणि सुधारा. ऑगस्टीन म्हणाला नाही, बिघाड सवयीत नाही, इच्छेतच आहे, ज्या मनावर घ्यायचं ते मनच आजारी आहे. वाद पेटला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं. पण खरं बघितलं तर आज जिंकलाय पेलागियसच. मोबाइल उघडा, एकवीस दिवसांत सवय बदला, सकाळी पाचला उठा, मनात आणलं तर काहीही शक्य. चर्चमधल्या प्रवचनांत सुद्धा निम्म्या वेळा हेच असतं, फक्त शेवटी आमेन.

हा वाद मला पुस्तकातून नाही कळला, केळीच्या बागेत कळला. आमच्याकडे एकदा कापणी झाली की त्याच कंदाला आलेलं पील वाढवून दुसरं पीक घेतात, पिलबाग. स्वस्त पडतं, रोपांचा खर्च नाही. पण मागच्या बागेत सीएमव्ही असला, म्हणजे तो व्हायरस, पानांवर पिवळे पट्टे येतात, नवं पान नीट उलगडत नाही, तर पील वरून कितीही टवटवीत दिसू दे, रोग आतून आलेलाच असतो. शेतकरी येतो, पानाचा फोटो दाखवतो, म्हणतो औषध द्या. मी म्हणतो मावा मरेल असं देतो, रोग दुसऱ्या झाडावर जायचा कमी होईल, पण ह्या झाडाला औषध नाही, उपटा आणि बांधापासून लांब नेऊन पुरून टाका. मग तो खताचा डोस वाढवतो, पाणी वाढवतो, अजून एक फवारा मारतो, दुसऱ्या दुकानात जाऊन विचारतो. महिन्याने बाग काढतो. पेलागियस म्हणतो खत कमी पडलं. ऑगस्टीन म्हणतो कंद बघ. (ग्रीक परंपरेतल्या मंडळ्या ह्यातही जरा वेगळं बोलतात, आदामाचा दोष आपल्या नावावर चढलाय असं ते म्हणत नाहीत, मरण आणि आजार वारशाने आला म्हणतात, आणि खरं सांगू का, मला त्यांचं जास्त पटतं. गुन्हा बापाचा आणि वॉरंट पोराच्या नावाने, हे कुठल्याच देवाला शोभत नाही.)

पण पुढे केळीचं उदाहरण तुटतं आणि जिथे तुटतं तिथेच ख्रिस्ती विश्वास सुरू होतो. शेतकरी रोगी झाड उपटून फेकतो आणि टिश्यू कल्चरचं नवं लावतो. देव तसं करत नाही. तेच झाड, तोच कंद, आणि त्यालाच बरं करायचं, हा दावा आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो मी तुमच्यातलं दगडी हृदय काढून मांसाचं हृदय देईन. मांसाचं म्हणजे देवदूताचं नाही, सोन्याचं नाही, माणसाचंच. म्हणजे नवं होणं म्हणजे माणूसपणाच्या वर कुठेतरी जाणं नाहीये, माणूसपणावर परत येणं आहे. आणि ते स्वतःच्या जोरावर होत नाही हे निकदेमाच्या गोष्टीत येतं. मोठा विद्वान, रात्री लपून येशूकडे आला. येशू म्हणाला नव्याने जन्मल्याशिवाय जमणार नाही. हा विचारतो म्हातारा माणूस परत आईच्या पोटात जाईल का? लोक त्याला हसतात पण प्रश्न अगदी रास्त आहे. जन्म ही एकच गोष्ट अशी आहे की जी कुणी स्वतः करू शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी कळांमधून आपण येतो. येशूने नेमकं तेच उदाहरण घेतलं, धडपड, साधना, निश्चय यातलं काही नाही घेतलं.

आता आपली दुसरी म्हण. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला लहानपणापासून ही म्हण निराशेची वाटायची, वडील मला उद्देशूनच म्हणायचे म्हणून असेल. पण रोमकरांचा सहावा अध्याय नीट वाचला तेव्हा लक्षात आलं की पौलाला ही म्हण सांगितली असती तर तो म्हणाला असता, बरोबर, म्हणूनच मरा. बाप्तिस्मा म्हणजे त्याच्या लेखी अंघोळ नाही, दफन आहे. ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर उठलो. पाण्यात जातो तो जुना मनुष्य.

हे मी पाहिलंय. माझ्या मामाचा बाप्तिस्मा रंगावली नदीत झाला. भुसावळहून सुरत पॅसेंजरने आम्ही गेलो होतो, आई, मी, धाकटी बहीण, आणि नवापूर स्टेशन म्हणजे आम्हा पोरांची गंमत, तिथे एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, आम्ही दोघं इकडून तिकडे सरकत बसायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी नदीवर. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे, शर्ट पँट घालूनच, हातात घडी केलेला रुमाल. मामा गेला तसा त्यांनी त्याच्या नाकावर तो रुमाल दाबला, एक हात पाठीमागे धरला, शब्द म्हटले आणि मागे आडवं केलं, सरळ पाण्याखाली. मामा धिप्पाड, पास्टर किडकिडीत, क्षणभर वाटलं दोघेही जातात वाहून. वर आला तेव्हा डोळे लाल, खोकतोय, आणि काठावरच्या बायकांनी गाणं धरलं. मामा त्याआधी मोहाची प्यायचा. थोडीथोडकी नाही, घरातली भांडी विकून प्यायचा. त्या दिवसानंतर त्याने खरंच कधी थेंब घेतला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

आणि मामी काय म्हणते? "दारू सुटली. तोंड कुठं सुटलं."

कारण मामाचा ताठा तसाच होता. शिव्या तशाच. माझंच खरं, हे तसंच. उलट दारू सुटल्यावर त्याला दुसऱ्यांना शिकवायचा नवा अधिकार मिळाला होता. दर वर्षी चर्चमध्ये उठून साक्ष द्यायचा, तारीख, वार, पाण्यात उतरल्याची वेळ सगळं पाठ, आणि मी कसा होतो, प्रभूने मला कसं केलं. मामी मागच्या रांगेत बसून पदराआड हसायची. तिचा बाप्तिस्मा मामाच्या आधीचा, पण तिला कुणी साक्ष द्यायला बोलवत नसे कारण तिच्या गोष्टीत दारू नव्हती.

साक्षींचा हा साचा मला खटकतो. आधी अंधार, मग एक रात्र, मग उजेड. ज्यांच्या साक्षी आपण मोठ्या म्हणतो त्यांनीच खरं तर तसं लिहिलेलं नाही. ऑगस्टीनचा तो प्रसिद्ध प्रसंग, मिलानमधल्या बागेत रडत बसला असताना लहान मुलाचा आवाज ऐकू आला, घे आणि वाच, ३८६ साली, तो सगळे सांगतात. पण त्याच पुस्तकाच्या दहाव्या भागात, दहाबारा वर्षांनी, बिशप झाल्यावर तो लिहितो की जेवताना अजून कळत नाही भुकेने खातोय की चवीने, स्वप्नं अजून पडतात, आणि कुणी कौतुक केलं की मन फुलतं. जॉन वेस्ली, मेथडिस्ट मंडळीचा मूळ पुरुष, लंडनमध्ये २४ मे १७३८ ला संध्याकाळी त्याच्या अंतःकरणात ऊब भरली, ही तारीख त्याच्या लोकांत सणासारखी पाळतात. तोच वेस्ली पुढच्या जानेवारीत डायरीत लिहितो की मी ख्रिस्ती नाही. आणि आपल्या पंडिता रमाबाई! १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, पण त्यांनीच लिहून ठेवलंय की आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते मोठं उज्जीवन झालं १९०५ साली, मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करत होत्या, तोपर्यंत रमाबाईंच्या बाप्तिस्म्याला बावीस वर्षं होऊन गेली होती. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तर विचारूच नका. १८९५ ला बाप्तिस्मा झाला, पण त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचल्या की दिसतं, तोच तापट, भोळा, खिसा रिकामा करून घरी येणारा माणूस आधीही होता आणि नंतरही. त्या बाईंनी नवऱ्याला संत करून ठेवलं नाही, म्हणून तो खरा वाटतो.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या जर्मनीच्या ल्यूथरने १५१७ मध्ये जे पंच्याण्णव मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा की येशूने पश्चात्ताप करा म्हटलं म्हणजे विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं म्हटलं. सगळं आयुष्य. एका उज्जीवन सभेच्या तिसऱ्या रात्री हात वर केला आणि काम झालं असं नाही. पौल पण म्हणतो आमचा अंतरीचा मनुष्य दिवसेंदिवस नवा होत जातो, आणि हे तो त्याच करिंथकरांना लिहितो, नव्या उत्पत्तीच्या वाक्याच्या जेमतेम एक अध्याय आधी. आमच्या भिंतीवर ते रंगवायला जागा उरली नव्हती बहुतेक. आणि थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित तेराव्या शतकात म्हणून गेला की देवाची कृपा निसर्गाला, म्हणजे माणसाच्या मूळ घडणीला, मोडत नाही, पूर्ण करते. मामाचा ताठा मोडायचा नसतो असा याचा अर्थ मी लावला, तो कुठल्या बाजूला उभा राहतो ते बदलायचं असतं. बरोबर लावला की नाही पास्टरांना विचारलं नाही.

(धर्मांतर हा विषय आमच्या भागात सध्या फार गरम आहे, दोन्ही बाजूंनी. मी इथे त्यात जाणार नाही. एवढंच, की कागदावर धर्म बदलणं आणि माणूस बदलणं यातलं अंतर मामीला दोन्ही बाजूच्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.)

मामा आणि त्याचा धाकटा भाऊ, माझा लहान मामा, यांचं बांधावरून फाटलं. दर नांगरटीला बांध इंच इंच सरकतो हे खान्देशात काही नवीन नाही, पण दोघं एकाच चर्चमधले, एकाच नदीत बाप्तिस्मा झालेले, आणि बोलणं बंद. एक डावीकडे बसायचा, एक उजवीकडे. अशातच एका रविवारी मी तिथे होतो, प्रभुभोजनाचा रविवार, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पाव आणि रस घेतात तो. आमच्याकडे पाव बारीक तुकडे करून ताटात फिरवतात आणि मागोमाग स्टीलचा ट्रे, त्यात इवल्याशा काचेच्या पेल्या, द्राक्षाचा रस. ताट मामापाशी आलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं, बघितलं, आणि काही न घेता शेजारच्याकडे दिलं. ट्रेचंही तसंच. पेल्या एकमेकींवर किणकिणल्या तेवढाच आवाज. मला वाटलं तब्येत बरी नसेल. मामीला नंतर विचारलं तर म्हणाली, चार-पाच महिने झाले, असंच पुढे देतो. पाळकांनी कुणी रोखलेलं नाही. येशूचं ते वचन आहे ना, की वेदीजवळ अर्पण न्यायला गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, ते त्याने कुणालाही न सांगता स्वतःला लावून घेतलं होतं.

ह्याच माणसाने दर वर्षी उठून प्रभूने मला नवं केलं अशी साक्ष दिली होती, आणि माझ्या मते ती पाच महिन्यांची न घेतलेली पेली ही त्याची पहिली खरी साक्ष. जुना मामा ताट घेऊन मोकळा झाला असता आणि वर भावाकडे बघून घेतलं असतं. ह्या मामाला आपण नवे झालेलो नाही हे कळत होतं, आणि ते कळणं माझ्या हिशोबात दारू सुटण्यापेक्षा मोठं, कारण दारू सुटली तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या होत्या, इथे कुणी बघतही नव्हतं. दावीद राजाचं एक्कावन्नावं स्तोत्र आहे, व्यभिचार आणि खून पचवून झाल्यावरचं, त्यात तो म्हणतो माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर. शुद्ध कर, असं नाही, उत्पन्न कर. असलेलं घासून-पुसून भागणार नाही हे त्याला कळलं होतं.

पुढे समेट झाला. मामाच गेला भावाकडे, रिकाम्या हाताने, आणि दारातूनच म्हणाला की मोजणीवाले बोलवू नको, तू म्हणशील तिथे दगड रोव. हे म्हणताना सुद्धा आवाज इतका चढवून म्हणाला की लहान मामीला वाटलं परत भांडायलाच आलाय, ती पोरांना घेऊन आत गेली. दगड रोवला गेला, मामाच्या हिशोबाने हातभर आत. तो अजून येताजाता त्या दगडाकडे बघतो आणि काहीतरी पुटपुटतो, प्रार्थना आहे की शिवी हे मामी सांगत नाही.

बांधाचं मिटलं, आता बांधावरच्या आंब्याचं सुरू झालंय. झाड दगडाच्या बरोबर रेषेत, फांद्या दोन्हीकडे. मागच्या महिन्यात मामाने ताट परत पुढे दिलं म्हणे. मी फोनवर काळजीने विचारलं तर मामी म्हणाली, "ह्या वेळी लवकर मिटेल रे, आंबे संपत आलेत."